एका गुणाची तीन कामे

शालेय परीक्षांविषयी महाराष्ट्रात जेवढे बोलले जाते तेवढे दुसऱ्या कोणत्याही शैक्षणिक विषयाबद्दल क्वचितच बोलले जात असेल. परंतु ही चर्चा बहुतेक वेळा किती गुण पडले येथून सुरू होते आणि तेथेच थांबते. तो गुण कोणत्या मापाने मोजला गेला, ते माप कोणत्या कामासाठी घडवले होते आणि प्रत्यक्षात त्याला कोणत्या कामाला जुंपले गेले, हे प्रश्न मागेच राहतात. ‘मोजमाप’ हे सूत्र हाती घेऊन शाळेकडे पाहू लागल्यास नेमके हेच प्रश्न आधी समोर येतात, कारण तिसरीतल्या मुलापासून दहावीच्या परीक्षार्थीपर्यंत बहुतेक सर्वच जण कधी ना कधी एखाद्या प्रमाणित चाचणीला सामोरे जातात.

प्रमाणित चाचणी म्हणजे जिच्यातील प्रश्न, वेळ, सूचना आणि उत्तरे तपासण्याचे नियम सर्वांसाठी सारखे ठेवलेले असतात अशी चाचणी. तिची पारख करताना शिक्षणशास्त्र मुख्यतः दोन कसोट्या लावते. पहिली विश्वसनीयता, म्हणजे तेच मूल दुसऱ्या दिवशी बसले किंवा तीच उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे गेली तरी माप जवळपास तेच यावे. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे ठरले होते तेच मोजले जावे. यांपैकी दुसरी कसोटी अधिक अवघड आहे, कारण सप्रमाणता ही केवळ चाचणीच्या कागदात नसते. त्या गुणावरून जो निष्कर्ष काढला जातो आणि जो निर्णय घेतला जातो त्यात ती असते. सोनाराच्या काट्यावर आणि वखारीच्या काट्यावर, दोन्हींवर, वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक असतात. पण वखारीच्या काट्यावर मंगळसूत्र तोलले तर दोष काट्याचा नसतो.

शाळेतील चाचण्यांकडून तीन वेगवेगळी कामे अपेक्षित असतात. एखाद्या मुलाला काय येते आणि कोठे अडते हे शिक्षकाला कळावे, हे निदानाचे काम. जिल्ह्यातील किंवा राज्यातील शाळा एकंदरीत काय शिकवत आहेत हे जनतेला आणि सरकारला कळावे, हे व्यवस्थेच्या तपासणीचे काम. आणि मर्यादित जागांसाठी कोणाला घ्यायचे हे ठरावे, हे निवडीचे काम. चाचण्या फार झाल्या, ही शिक्षकांची तक्रार रास्त असली तरी खरे दुखणे संख्येत नाही. एका कामासाठी काढलेला गुण दुसऱ्या कामासाठी वापरला जातो, आणि तेथून मोजमाप बिघडू लागते.

बावन्न वजा सदतीस

राज्यातील शासकीय आणि अनुदानित शाळांत ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’ या नावाने जे चक्र फिरते त्याचे तीन टप्पे आहेत: सत्राच्या आरंभी पायाभूत चाचणी, दिवाळीच्या सुमारास संकलित मूल्यमापन एक आणि वर्षअखेरीस संकलित मूल्यमापन दोन. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या या चाचण्या २०२३-२४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सहा राज्यांत राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाचा भाग म्हणून घेतल्या जाऊ लागल्या. त्याआधी २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमात पायाभूत चाचणीची सुरुवात झालेली होती. मूल मागच्या इयत्तेतून काय घेऊन आले आहे हे शिक्षकाला कळावे आणि त्यानुसार त्याने अध्यापन आखावे, हा पायाभूत चाचणीचा मूळ हेतू, आणि तो निःसंशय चांगला आहे.

एखाद्या द्विशिक्षकी शाळेत चाचणीचा दिवस कसा जातो हे पाहिले म्हणजे हेतू आणि व्यवहार यांतील अंतर लक्षात येते. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तालुक्याच्या गट साधन केंद्रातून केंद्रशाळेत आणि तेथून मुख्याध्यापकाच्या हाती येतात. पट आणि प्रती यांचा मेळ बसला नाही तर झेरॉक्स काढण्याची धावपळ होते. एकाच खोलीत बसलेल्या दोन-तीन इयत्तांपैकी एकीला लेखी प्रश्न सोडवायला देऊन शिक्षक दुसऱ्या इयत्तेतील एकेका मुलाला जवळ बोलावून तोंडी प्रश्न विचारतो, आणि त्याच वेळी पहिलीची मुले दारातून बाहेर पळत असतात. चाचणी संपल्यावर उत्तरसूचीप्रमाणे तपासणी, गुणांचे तक्ते, आणि मग पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर प्रत्येक मुलाच्या गुणांची नोंद. जेथे मोबाइलला रेंज मिळण्यासाठी शाळेमागच्या टेकाडावर जावे लागते तेथे ही नोंद हेच त्या आठवड्याचे मुख्य काम होऊन बसते. नोंद शंभर टक्के झाली की नाही याची विचारणा केंद्रप्रमुखांकडून रोज होते; त्या नोंदींवरून वर्गात काय बदलले, ही विचारणा मात्र तितक्या नेमाने होत नाही.

या प्रक्रियेत नेमके काय हरवते ते एका साध्या गणितावरून समजते. ५२ वजा ३७ या प्रश्नाला एका मुलाने २५ असे उत्तर लिहिले आहे, दुसऱ्याने १६ लिहिले आहे आणि तिसऱ्याने जागा कोरी सोडली आहे. तिघांनाही शून्य मिळते, आणि प्रश्ननिहाय गुण भरले तरी तक्त्यात तिघांपुढे तेच शून्य दिसते. प्रत्यक्षात पहिल्या मुलाने एककाच्या घरात सातातून दोन आणि दशकाच्या घरात पाचातून तीन वजा केले आहेत. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा एवढाच नियम त्याच्या मनात बसला असून दशक सुटा करून एकक वाढवता येतात ही कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे हाती देऊन, गठ्ठा सोडून दाखवायला हवा. दुसऱ्याला ती कल्पना समजली आहे, फक्त मोजताना एकाची चूक झाली आहे, आणि त्याला थोडा सराव पुरेल. तिसरे मूल कदाचित महिनाभर शाळेतच आलेले नसेल. या तीन शून्यांवर तीन वेगळे उपाय आहेत, आणि ते ठरवण्याची माहिती उत्तरपत्रिकेत आहे, गुणात नाही. उत्तरपत्रिका घेऊन दहा मिनिटे बसण्याची उसंत ज्या शिक्षकाला मिळते त्याच्या हातात ही चाचणी उपयुक्त साधन ठरते; ज्याचा सारा वेळ अंक वर पाठवण्यात जातो त्याच्यासाठी तीच चाचणी केवळ एक टपाल होऊन राहते.

येथे बहुपर्यायी प्रश्नांविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमजही दूर करायला हवा. चार पर्यायांतून एक निवडण्याचा प्रश्न म्हणजे विचारांना फाटा, असे मानले जाते. परंतु वरील वजाबाकीच्या प्रश्नात २५ हा पर्याय जाणीवपूर्वक ठेवला, तर तो निवडणारे मूल आपली चूक स्वतःच सांगते. चांगल्या फसव्या पर्यायांमागे मुले कशी चुकतात याचा दीर्घ अभ्यास असतो. घाईने रचलेल्या प्रश्नपत्रिकांत असे पर्याय आढळत नाहीत, हा प्रकाराचा नव्हे तर रचनेचा दोष आहे.

समान प्रश्नपत्रिका म्हणजे समान संधी, हे गृहीतकही महाराष्ट्रात ठिकठिकाणी तपासून पाहावे लागते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली किंवा पावरी बोलत शाळेत आलेल्या मुलाला गणिताचा शाब्दिक प्रश्न प्रमाण मराठीत दिला, तर त्याची भाषा अडली की गणित चुकले हे सांगता येत नाही. सप्रमाणता ढळते ती अशी. बीडच्या ऊसतोड कुटुंबांतील मुलांचा प्रश्न याहून निराळा आहे. पावसाळ्यात घेतलेल्या पायाभूत चाचणीला ती वर्गात असतात, दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा हंगाम सुरू होताच आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि अनेकदा वार्षिक मूल्यमापनाच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहाच्या सोयीने गावात राहिलेली मुले सोडली तर वर्षाच्या दोन टोकांच्या गुणांतील फरक हा त्या शिक्षकाच्या अध्यापनाचा लेखाजोखा नसून साखर हंगामाचा असतो, आणि तो तसाच वाचला जायला हवा.

अंगणातली चाचणी

चाचणीने व्यवस्थेला जाब विचारावा आणि मुलाला धाक वाटू नये, हे एकाच वेळी साधता येते याचे भारतातील सर्वांत ठसठशीत उदाहरण शाळेच्या बाहेर घडले. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत उभ्या केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५पासून ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण सुरू केले. त्यात प्रत्येक जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे नमुना म्हणून निवडली जातात, स्थानिक स्वयंसेवक घरोघरी जातात आणि ५ ते १६ वयोगटातील मुलांना एकेकटे बसवून तोंडी चाचणी घेतात. वाचनाचे साधन म्हणजे एक कागद, ज्यावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट छापलेली असते. मूल जेथवर सहज वाचते ती त्याची पातळी. गणितातही अंक ओळखण्यापासून तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्यापर्यंतच्या पायऱ्या असतात.

चाचणी घरी घेण्यामागे पक्का विचार आहे. शाळेत घेतली तर त्या दिवशी गैरहजर असलेले, शाळा सोडलेले आणि खासगी शाळेत जाणारे मूल निसटते. अंगणात मात्र सर्व सापडतात. आई चुलीपाशी बसून ऐकत असते, शेजारची मुले गोळा होतात, आणि पाचवीत असलेली मुलगी दुसरीची गोष्ट अडखळत वाचते तेव्हा प्रगतिपुस्तकावरील श्रेणीने कधी कळले नव्हते ते घरातल्यांना तत्क्षणी कळते. २०२४च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के, तर पाचवीच्या मुलांपैकी ४८.७ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे पाचवीत पोहोचलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना तीन इयत्ता खालचे पाठ्यपुस्तक वाचता येत नाही. हे विधान करण्याची सोय चाचणीनेच दिली, आणि प्रमाणित चाचणीच्या बाजूने देता येण्यासारखा याहून बळकट पुरावा नाही. कारण त्याआधी शाळाखोल्या, पटनोंदणी आणि शिक्षकसंख्या यांचीच मोजदाद प्रामुख्याने होत होती, शिकणे क्वचितच मोजले जात होते.

या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो याचे एक कारण असे की, त्यांच्यावर कोणाचीही वेतनवाढ, बदली किंवा प्रवेश अवलंबून नसतो आणि गावाचे किंवा मुलाचे नाव जाहीर होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेमार्फत शाळांमध्ये होणारे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, आणि त्याचाच पुढचा अवतार म्हणून याच परिषदेतील ‘परख’ या मूल्यमापन केंद्राने ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या मुलांसाठी घेतलेले सर्वेक्षण, हीही नमुना पद्धतीचीच आहेत. प्रकृती तपासायला सगळे रक्त काढावे लागत नाही, तसेच राज्याची शैक्षणिक प्रकृती तपासायला प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी लागत नाही. परंतु जिल्ह्यांची क्रमवारी वर्तमानपत्रांत झळकू लागली की सर्वेक्षणाआधी नमुना प्रश्नांचा सराव घेण्याच्या सूचना निघतात, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी औषध घेऊन ताप उतरवल्यासारखा प्रकार होतो.

झाकलेले नाव

निवडीसाठी होणाऱ्या परीक्षेवर टीका करणे सोपे आहे. तिच्याऐवजी काय होते हे आठवणे अधिक आवश्यक आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, आणि पुढे मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल खेड्यापाड्यांत पोहोचली. ती उत्तीर्ण झालेल्या माणसाला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शकत होती, आणि त्यासाठी घराणे, वतन किंवा ओळख लागत नव्हती. नेमणुका आणि प्रवेश जेथे जातीने व वशिल्याने ठरत होते त्या समाजात लेखी परीक्षेचा कागद हा पहिलाच असा दरवाजा होता, ज्यावरचा पहारेकरी आत येणाऱ्याचे आडनाव विचारत नव्हता.

राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत हे तत्त्व आजही जपले जाते. नऊ विभागीय मंडळांतून सुमारे १६ लाख मुले ही परीक्षा देतात. सीलबंद पाकिटे परिरक्षकाच्या ताब्यातून केंद्रावर येतात, वर्गात विद्यार्थ्यांसमोर उघडली जातात, आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटवून घेतो. तपासणाऱ्या शिक्षकापुढे येते ती नाव नसलेली उत्तरपत्रिका. ती पैठणच्या मुलीची आहे की पार्ल्याच्या, हे त्याला समजण्याचा मार्ग नसतो. त्याने दिलेल्या गुणांवर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक नजर ठेवतो, आणि निकालानंतर विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, गुणपडताळणी व पुनर्मूल्यांकन करून घेता येते. शाळांच्या अंतर्गत गुणांवर सर्व प्रवेश सोपवावेत असे सुचवणाऱ्यांनी या झाकलेल्या नावाचे मोल लक्षात घ्यावे. शिक्षकाचा विद्यार्थ्याशी परिचय ही शिकवण्यातील मोठी शक्ती आहे. निवडीत मात्र तोच परिचय पक्षपाताची वाट होऊ शकतो.

७७.१० टक्क्यांचे वर्ष

तरीही दहावीचा आकडा म्हणजे काय, हे समजण्यासाठी २०१८ ते २०२० ही तीन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२०मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात बारा टक्क्यांनी खाली आणि दुसऱ्या वर्षी अठरा टक्क्यांनी वर जाण्याइतके राज्यातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे ज्ञान कमीजास्त झाले, असे कोणीही म्हणणार नाही. घडले ते असे की, २०१९ साली नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हाती असलेले २० गुण काढून घेण्यात आले आणि त्या विषयांची परीक्षा पूर्ण १०० गुणांची लेखी झाली. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. २०२०मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षाच रद्द होऊन त्या विषयाला सरासरीने गुण दिले गेले, याचाही वाटा त्यात होता. शंभर टक्के गुण मिळवणाऱ्यांची संख्या याच तीन वर्षांत १२५, २० आणि २४२ अशी हलली.

अंतर्गत गुण काढण्याचे कारण गैर नव्हते. बहुतेक शाळा तोंडी परीक्षेत वीसपैकी अठरा-एकोणीस गुण सरसकट देतात, हे सर्वांना ठाऊक होते. अशा गुणांत विश्वसनीयता राहत नाही. परंतु ते परत आणण्याचे कारणही समजण्यासारखे होते. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाचे विद्यार्थी सीबीएसई आणि आयसीएसईच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच रांगेत उभे असतात, आणि त्या मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळत असताना केवळ एका मंडळाने मोजमाप कडक केले, तर त्याचा दंड त्याच मंडळाच्या मुलांना भरावा लागतो. चांगल्या महाविद्यालयांतील जागा मोजक्या असल्यामुळे अर्ध्या टक्क्याचा फरकही एखाद्या मुलीला घरापासून दोन लोकल बदलून जावे लागेल इतक्या दूर ढकलतो. मापाच्या शुद्धतेचा प्रश्न अशा रीतीने स्पर्धेच्या प्रश्नात विरून गेला.

वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका रांगेत कसे आणायचे, हा पेच महाराष्ट्राला त्याआधीही सुटलेला नव्हता. २००८चे पर्सेंटाइलचे सूत्र आणि २००९चे राज्य मंडळासाठी ९० टक्के जागा राखून ठेवण्याचे सूत्र, दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१०पासून पाच सर्वोत्तम विषयांचे गुण धरण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रूढ झाली. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळांच्या मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला आणि अकरावीसाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा घेण्याचा शासनाचा निर्णय १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. ज्या वर्षी समान माप नव्हते त्या वर्षी ९५७ मुलांना शंभर टक्के गुण पडले. परीक्षा नको म्हणणाऱ्यांनाही त्या वर्षी परीक्षेची उणीव भासली.

शिष्यवृत्तीचे जादा तास

ग्रामीण महाराष्ट्रात प्रमाणित चाचणीचा सर्वांत जिव्हाळ्याचा चेहरा म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत होणारी ही परीक्षा दीर्घकाळ चौथी आणि सातवीला होती, २०१७पासून पाचवी व आठवीला गेली आणि २०२५मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. पहिल्या पेपरात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, आणि उत्तरे गोल काळे करून द्यायची.

शाळा भरण्याआधी सकाळी आणि सुटल्यावर संध्याकाळी होणारे शिष्यवृत्तीचे जादा तास ही अनेक जिल्हा परिषद शाळांची अभिमानाची गोष्ट आहे. पदरमोड करून सराव प्रश्नसंच आणणारे, रविवारी आपल्या दुचाकीवरून मुलांना तालुक्याच्या सराव परीक्षेला नेणारे शिक्षक या परीक्षेने घडवले. शाळेच्या भिंतीवरील शिष्यवृत्तीधारकांचा फलक पाहून गावाने शाळेला रंग दिल्याची, संगणक दिल्याची उदाहरणे अनेक तालुक्यांत सापडतात. बुद्धिमत्ता चाचणीतील आकृत्यांचे आणि अंकमालिकांचे प्रश्न मुलांना खरोखर आवडतात, कारण पाठ्यपुस्तकात न सापडणारे कोडे सोडवण्याचा आनंद त्यांत असतो. शेतमजुराच्या मुलीला आपण हुशार आहोत हे पहिल्यांदा या परीक्षेच्या निकालाने कळले असेल, तर त्या एका कारणासाठीही ही परीक्षा राहावी.

पण याच तासांना कोण बसत नाही, हेही पाहावे लागते. पटावरील पंचवीस मुलांतून आठ-दहा निवडली जातात आणि शिक्षकाचा सर्वांत ताजा वेळ त्यांना मिळतो. बाकीची पंधरा-सतरा मुले, ज्यांत अडखळत वाचणारी बहुतेक सगळी असतात, ती वर्गाच्या मागच्या भागात पाढे लिहीत बसतात. शाळेची प्रतिष्ठा फलकावरील नावांनी ठरत असेल, तर शिक्षकाने केलेली ही वाटणी त्याच्या दृष्टीने तर्कशुद्धच असते. निवडीसाठी योजलेली परीक्षा शाळेच्या गुणवत्तेचे माप म्हणून वापरली गेली, याचा हा थेट परिणाम होय.

निकालावर अनुदान

मापावर बक्षीस किंवा शिक्षा टांगली की माप वाकते, हा अनुभव नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२पासून शाळांचे सरकारी अनुदान निरीक्षकांनी घेतलेल्या वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या परीक्षेवर ठरू लागले, आणि त्याच काळात मुंबई इलाख्यातील खासगी शाळांनाही निकालावर अनुदान देण्याची पद्धत लागू झाली. परिणाम सर्वत्र सारखाच झाला: निरीक्षक जे विचारणार तेवढेच शिकवायचे, आणि पुस्तक हाती उलटे धरले तरी मूल धडा घडाघडा म्हणेल इतके पाठ करून घ्यायचे. १९७०च्या दशकात डोनल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे निरीक्षण नियमाच्या रूपात मांडले. एखादा आकडा निर्णयासाठी जितका अधिक वापरला जाईल तितका तो आकडा आणि त्याने मोजली जाणारी गोष्ट, दोन्ही भ्रष्ट होत जातात, असा त्याचा आशय.

दहावी-बारावीच्या केंद्रांवरील सामूहिक कॉपी हे या नियमाचे महाराष्ट्रीय रूप आहे. शंभर टक्के निकालाची पाटी लावल्याशिवाय पुढच्या वर्षी पट टिकत नाही, पट टिकला नाही तर तुकडी जाते आणि तुकडी गेली तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. ही साखळी लक्षात घेतल्याशिवाय खिडकीतून चिठ्ठ्या आत का जातात आणि पर्यवेक्षक पाठ का फिरवतो, हे समजत नाही. नांदेड जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना २०१०च्या सुमारास कॉपीमुक्त परीक्षेचे अभियान झाले, जिल्ह्याचा निकाल मोठ्या प्रमाणात घसरला आणि पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर ओळखले गेले. घसरलेला तो निकाल ही त्या जिल्ह्याची नामुष्की नव्हती. अनेक वर्षांनी हाती आलेले ते पहिले खरे माप होते. भरारी पथके आणि बैठी पथके अशी खरी मापे मिळवून देऊ शकतात, पण शाळेचे पोट निकालावर अवलंबून आहे तोवर ती दरवर्षी नव्याने नेमावी लागतील.

पाचवीतला अडसर

शिक्षण हक्क कायद्याने २०१०पासून आठवीपर्यंत कोणालाही नापास न करण्याचे आणि वर्षभर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करण्याचे बंधन घातले. महाराष्ट्राने त्यासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्याय अशा साधनांनी होणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन यांची वजने ठरवली. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के आणि संकलितला ३०, तर सातवी-आठवीत उलट ४० आणि ६०. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात नोंदवह्या भरल्या, वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके बाजारात आली, आणि ‘नापास नाही’ याचा अर्थ ‘तपासायचे नाही’ असा लावला गेला. त्या अनास्थेची प्रतिक्रिया म्हणून २०१९मध्ये केंद्रीय कायदा बदलला आणि २०२३मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन, मग फेरपरीक्षा, आणि तीही न जमल्यास तोच वर्ग.

या बदलाला समाजात व्यापक पाठिंबा आहे, आणि त्यामागची काळजी खरी आहे. परंतु ज्या मुलाला पाचवीत वाचता येत नाही त्याचे वाचन पाचवीत हुकलेले नाही; ते दुसरीत हुकले, तिसरीच्या पायाभूत चाचणीत दिसले, गुणपत्रकात नोंदले गेले, वर पाठवले गेले आणि तेथेच राहिले. त्याला त्याच वर्गात पुन्हा बसवून पाचवीचीच पुस्तके दिली तर दुसरीत जे हुकले ते त्याला मिळत नाही. फेरपरीक्षेपूर्वीचे काही आठवडे त्या मुलासाठी शिक्षकाकडे खरोखर मोकळे असतात का, हा या नियमाचा कस आहे, आणि द्विशिक्षकी शाळेत त्याचे उत्तर बहुधा नाही असेच येते.

म्हणून पहिली मागणी शासनाकडे आहे. पायाभूत चाचणीनंतरचे दोन आठवडे कोणत्याही ऑनलाइन नोंदीविना शिक्षकाला उत्तरपत्रिकांसह मिळावेत, राज्याची तपासणी नमुना सर्वेक्षणांवर सोपवावी, आणि प्राथमिक शाळेच्या कोणत्याही चाचणीच्या गुणांवरून शाळांची किंवा शिक्षकांची क्रमवारी लावू नये. दुसरी मागणी पालकांकडे आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील तेव्हा संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका वर्गात तपासून ठेवलेल्या असतील. किती गुण पडले हे विचारण्याऐवजी पालकांनी त्यांतील आपल्या मुलाची गणिताची उत्तरपत्रिका पाहायला मागावी आणि जेथे शून्य आहे तेथे मुलाने काय लिहिले होते ते शिक्षकांबरोबर बसून वाचावे.